बंगळुरूतील एकमेव विजेतेपद : यारोस्लाव्हा श्वेदोव्हाची चढती कारकीर्द आणि भारतातील टेनिसच्या पायऱ्या

सर्जापूर रोड (बंगळुरू) : फेब्रुवारी २००७ मध्ये बंगळुरूच्या कब्बन पार्कमधील टेनिस संकुलात एकोणीस वर्षांच्या एका रशियन मुलीने गतविजेत्या इटालियन खेळाडूला सरळ सेटमध्ये नमवून कारकिर्दीतील पहिले मोठे विजेतेपद मिळवले. तिचे नाव यारोस्लाव्हा श्वेदोव्हा. त्या दिवसापर्यंत हे नाव टेनिसच्या निष्ठावंत प्रेक्षकांनाही फारसे परिचित नव्हते. पुढे तिने विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांत दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ग्रँड स्लॅम स्पर्धेत एकही गुण न गमावता संपूर्ण सेट जिंकण्याचा पराक्रम केला आणि जागतिक क्रमवारीत एकेरीत पंचविसाव्या, तर दुहेरीत तिसऱ्या स्थानापर्यंत मजल मारली. मात्र महिला टेनिस संघटनेच्या, म्हणजेच डब्ल्यूटीएच्या मुख्य मालिकेतील एकेरीचे विजेतेपद तिला पुन्हा कधीही मिळाले नाही. बंगळुरूतील ते पहिले विजेतेपद एकेरीतील अखेरचेही ठरले.

उदयोन्मुख खेळाडूच्या कारकिर्दीचे वर्णन करताना शिडीची उपमा सर्रास वापरली जाते. श्वेदोव्हाची वाटचाल त्या उपमेत बसत नाही. ती एका बाजूने चढली, घसरली, दुसऱ्या बाजूने वर आली. मधल्या काळात तिचा ध्वजही बदलला. म्हणूनच टेनिसमध्ये मुलांना घालू पाहणाऱ्या भारतीय पालकांसाठी ती शारापोव्हा किंवा विल्यम्स भगिनींपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

असे पालक बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर मोठ्या संख्येने राहतात. अगराच्या बाजूने निघून दोड्डकन्नेल्ली, कार्मेलाराम, दोम्मसंद्र असे टप्पे घेत आग्नेयेकडील सर्जापूर गावापर्यंत जाणारा हा रस्ता गेल्या दोन दशकांत माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या वस्तीचा कणा बनला आहे. विप्रोचे मुख्यालय याच रस्त्यावर आहे. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत देशभरातून आलेली कुटुंबे राहतात. त्यांत पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-नागपूरहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही आहेत. पोहण्याच्या तलावाशेजारी टेनिसचे कोर्ट ही येथील अनेक संकुलांतील नेहमीची सोय झाली आहे. संध्याकाळी तेथे प्रशिक्षकाभोवती जमलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी फारच थोडी मुले पुढे व्यावसायिक टेनिसच्या वाटेला लागतात. ज्या घरात तो विचार सुरू होतो, तेथे पहिला प्रश्न कौशल्याचा नसतो. खर्चाचा आणि वेळेचा असतो. गुण मिळवण्यासाठी किती देश फिरावे लागतील, घराजवळ स्पर्धा होतात का आणि किती वर्षे वाट पाहावी लागेल, याची उत्तरे शोधताना शहराच्या मध्यावर, कब्बन पार्कमध्ये २००७ साली घडलेल्या त्या आठवड्याकडे पुन्हा पाहावे लागते.

मॉस्कोची मुलगी

श्वेदोव्हाचा जन्म १२ सप्टेंबर १९८७ रोजी मॉस्को येथे झाला. आई लांब पल्ल्याची धावपटू, शंभर किलोमीटरच्या शर्यती धावणारी. मुलीच्या हाती रॅकेट दिली ती वडिलांनी. दमसासाचा वारसा आईकडून आला असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु श्वेदोव्हाचा खेळ दमसासाचा नव्हता. वेगवान सर्व्हिस, चेंडू उसळताच सपाट आणि जोरकस फटका, संधी मिळताच जाळ्याकडे धाव, अशी तिची पद्धत होती. असा खेळ जमला की प्रतिस्पर्ध्याला श्वास घेण्यास उसंत मिळत नाही. फसला की चुकांची रास लागते. तिच्या कारकिर्दीतील बहुतेक चढउतारांचे मूळ या एका वैशिष्ट्यात सापडते.

२००५ मध्ये तिने व्यावसायिक टेनिसमध्ये प्रवेश केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेम्फिस येथे अनुभवी एमी फ्रेझरविरुद्धच्या सामन्यात तिने पहिले तेवीस गुण सलग जिंकले. सहा गेमचा सेट एकही गुण न गमावता जिंकण्यासाठी चोवीस गुण लागतात. टेनिसमध्ये अशा सेटला ‘गोल्डन सेट’ म्हणतात. अठरा वर्षांची श्वेदोव्हा त्यापासून केवळ एका गुणाच्या अंतरावर थांबली. तो सेट तिने ६-१ असा जिंकला, पुढचे दोन्ही सेट मात्र ०-६, ०-६ असे गमावले. एकाच सामन्यात सलग तेवीस गुण आणि नंतर सलग बारा गेमचा पराभव, असा अनुभव घेणाऱ्या खेळाडू टेनिसच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाहीत.

बंगळुरूचा आठवडा

ज्या स्पर्धेने तिला नाव मिळवून दिले, तिची सुरुवात बंगळुरूत झाली नव्हती. २००३ ते २००५ या काळात ती हैदराबाद येथे होत असे. पहिल्या वर्षी थायलंडच्या तमारिन तनासुगर्नने आणि दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या निकोल प्रॅटने ती जिंकली. तिसऱ्या वर्षी अठरा वर्षांच्या सानिया मिर्झाने युक्रेनच्या अलोना बोंदारेन्कोला तीन सेटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. डब्ल्यूटीएच्या मुख्य मालिकेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी भारतीय महिला आजही ती एकटीच आहे. २००६ मध्ये स्पर्धा बंगळुरूला आली आणि इटलीची मारा सांतान्जेलो विजेती ठरली.

त्या काळी महिलांच्या स्पर्धांची विभागणी चार श्रेणींत होत असे. बंगळुरूची स्पर्धा तिसऱ्या श्रेणीची होती आणि तिची एकूण बक्षीस रक्कम एक लाख ७५ हजार डॉलर होती. ऑस्ट्रेलियन ओपन आटोपल्यानंतरच्या या आठवड्यांत क्रमवारीतील अग्रस्थानी असलेल्या बहुतेक खेळाडू बेल्जियममधील अँटवर्प किंवा आखातातील दुबई-दोहा येथील श्रीमंत स्पर्धांकडे वळत. त्यामुळे बंगळुरूत येणाऱ्या खेळाडूंत साधारणतः पन्नास ते दीडशे या क्रमांकांच्या मुलींची गर्दी असे. पत्रकारांना आणि प्रायोजकांना ही बाब खटकत असे. खेळाडूंच्या दृष्टीने मात्र तेच या स्पर्धेचे मोल होते. पहिल्याच फेरीत जागतिक अव्वल खेळाडूशी गाठ पडणार नाही आणि चार-पाच सामने जिंकले तर क्रमवारीत मोठी झेप घेता येईल, अशी जागा एकोणीस वर्षांच्या मुलीला वर्षातून क्वचितच मिळते.

श्वेदोव्हाने ती संधी साधली. अंतिम सामन्यात तिच्यासमोर गतविजेती सांतान्जेलो होती. सांतान्जेलो ही हार्ड कोर्टवर जाळ्याजवळ उत्तम खेळणारी, दुहेरीतही नावाजलेली खेळाडू; त्याच वर्षी तिने ॲलिसिया मोलिकच्या साथीने फ्रेंच ओपनचे दुहेरीचे विजेतेपद जिंकले. त्या सामन्यात श्वेदोव्हाने ६-४, ६-४ असा विजय मिळवला. मेम्फिसमध्ये एका सेटनंतर कोसळलेल्या मुलीने वर्षभरानंतर अंतिम फेरीचा ताण पेलून दोन्ही सेटमध्ये आघाडी टिकवली, ही खरी प्रगती होती.

योगायोग असा की त्या वर्षी भारतात झालेल्या महिलांच्या दुसऱ्या डब्ल्यूटीए स्पर्धेतही तरुण रशियन खेळाडूच विजेती ठरली. सप्टेंबर २००७ मध्ये कोलकात्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियमवर झालेल्या सनफीस्ट ओपनमध्ये वीस वर्षांच्या मारिया किरिलेन्कोने अंतिम फेरीत युक्रेनच्या मारिया कोरित्सेवाला ६-०, ६-२ असे हरवले. त्याआधीच्या वर्षी याच स्पर्धेत मार्टिना हिंगीसकडून अंतिम फेरीत पराभूत झालेली ओल्गा पुचकोव्हा ही रशियन, तर २००५ ची विजेती अनास्तासिया मिस्किना हीदेखील रशियनच. त्या दशकात जगातील कोणत्याही शहरात महिला टेनिसची स्पर्धा भरवली तरी ड्रॉमध्ये रशियन नावांची रांग असे.

गर्दीतून बाहेर

या रांगेनेच श्वेदोव्हाच्या कारकिर्दीला निर्णायक वळण दिले. २००४ या एकाच वर्षात मिस्किनाने फ्रेंच ओपन, मारिया शारापोव्हाने विम्बल्डन आणि स्वेतलाना कुझनेत्सोव्हाने अमेरिकन ओपन जिंकली. त्यांतील दोन अंतिम सामन्यांत पराभूत झालेली एलेना डेमेंटिएव्हा हीसुद्धा त्यांचीच देशभगिनी. २००४, २००५, २००७ आणि २००८ मध्ये रशियाने फेड कप जिंकला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये महिला एकेरीची तिन्ही पदके डेमेंटिएव्हा, दिनारा साफिना आणि व्हेरा झ्वोनारेव्हा या रशियन खेळाडूंनी वाटून घेतली. ऑलिम्पिकच्या एकेरीत एका देशाच्या चारच खेळाडूंना प्रवेश मिळतो. पहिल्या दहांत स्वतःच्याच देशाच्या चार-पाच जणी असताना क्रमवारीत त्यांच्या कितीतरी खाली असलेल्या मुलीला राष्ट्रीय संघाची दारे बंद असतात. महासंघाचे लक्ष आणि पैसाही तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

शेजारच्या कझाकस्तानात चित्र उलटे होते. उद्योगपती बुलात उतेमुरातोव्ह यांनी २००७ मध्ये तेथील टेनिस महासंघाची सूत्रे हाती घेतली होती. पैसा होता, संकुले उभी राहत होती. नव्हते ते खेळाडू. देशातील मुले तयार होईपर्यंत थांबण्याऐवजी महासंघाने रशियन खेळाडूंना प्रशिक्षण, प्रवास आणि संघातील जागा देऊ केली. आंद्रे गोलुबेव्ह, मिखाइल कुकुश्किन, गालिना व्होस्कोबोएव्हा आणि श्वेदोव्हा हे त्या पहिल्या तुकडीतील. २००८ पासून श्वेदोव्हाच्या नावापुढे कझाकस्तानचा ध्वज झळकू लागला.

यावर टीका झाली आणि ती अजूनही होते. खेळाडू विकत घेऊन देशाचा खेळ मोठा होत नाही, हा आक्षेप निराधार नाही. तथापि मॉस्कोतील कुटुंबाच्या दृष्टीने हा हिशेब साधा होता. प्रशिक्षक, फिजिओ, वर्षाला पंचवीस-तीस आठवड्यांचा प्रवास आणि हॉटेल हा खर्च खेळाडूच्या बक्षिसातून भागायला क्रमवारीत पहिल्या शंभरात टिकून राहावे लागते; दुखापत झाली की तेही उत्पन्न थांबते. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, मॉस्कोत जन्मलेल्या एलेना रिबाकिनाने त्याच कारणाने तोच मार्ग स्वीकारला आणि २०२२ मध्ये विम्बल्डनची एकेरी जिंकून कझाकस्तानला पहिले ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद मिळवून दिले. युक्रेन युद्धामुळे त्या वर्षी विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता, हा त्यातील विलक्षण भाग.

भारतात याच सुमारास नियमाचा काटा विरुद्ध दिशेला फिरला. २००८ च्या अखेरीस केंद्र सरकारने भारतीय पारपत्र असलेल्यांनाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल, असे धोरण ठरवले. अमेरिकेत वाढलेले भारतीय वंशाचे प्रकाश अमृतराज आणि सुनीता राव या टेनिसपटूंना त्याचा थेट फटका बसला. सुनीता राव त्याच वर्षी भारताच्या ऑलिम्पिक पथकात होती. या धोरणाच्या योग्यायोग्यतेबद्दल मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे. बाहेरून तयार खेळाडू आणण्याचा मार्ग भारताने स्वतःसाठी बंद केला, त्यामुळे घरच्या मैदानांवरील स्पर्धांचे महत्त्व वाढले.

दुहेरीचा आधार

ध्वज बदलल्यानंतर श्वेदोव्हाची प्रगती लगेच दिसू लागली. २००९ च्या अमेरिकन ओपनमध्ये तिने दुसऱ्या फेरीत पाचव्या मानांकित येलेना यांकोविचला तीन सेटच्या लढतीत बाहेर काढले. यांकोविच ही आदल्या वर्षीची उपविजेती होती. २०१० मध्ये ती फ्रेंच ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. तेथे यांकोविचनेच तिला रोखले.

काही आठवड्यांनी विम्बल्डनमध्ये तिने अमेरिकेच्या व्हानिया किंगबरोबर दुहेरीत नाव नोंदवले. या बिगरमानांकित जोडीने अंतिम फेरीत एलेना व्हेस्निना आणि झ्वोनारेव्हा या रशियन जोडीला ७-६, ६-२ असे हरवले. किंग ठेंगणी, चपळ आणि अचूक. श्वेदोव्हा उंच आणि आक्रमक. एकीने चेंडू खेळात ठेवायचा आणि दुसरीने तो संपवायचा, इतका हा मेळ सोपा दिसत असे. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पहिला सेट २-६ असा गमावूनही दोघींनी लिझेल ह्यूबर आणि नादिया पेत्रोव्हा यांना २-६, ६-४, ७-६ असे नमवले. पुढच्या वर्षीही ही जोडी तेथे अंतिम फेरीपर्यंत गेली.

भारतीय वाचकाला हा भाग नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. लिअँडर पेस, महेश भूपती, सानिया मिर्झा आणि बंगळुरूत घडलेला रोहन बोपण्णा यांनी दुहेरीच्या बळावरच ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. बोपण्णा तर जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकून क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला. एकेरीत मागे पडलेल्यांचा आसरा म्हणून दुहेरीकडे पाहण्याची सवय आपल्याकडे आहे. श्वेदोव्हासाठी दुहेरी हा आसरा नव्हता, इंधन होते. एकेरीचा हंगाम बिघडला तरी दुहेरीच्या बक्षिसांवर प्रवास चालू राहत असे आणि ग्रँड स्लॅमच्या दुसऱ्या आठवड्याची सवय सुटत नसे.

त्याची कसोटी लवकरच लागली. २०११ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने तिला ग्रासले आणि वर्षअखेरीस ती एकेरीच्या क्रमवारीत दोनशेच्या बाहेर फेकली गेली. पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूला पुन्हा पात्रता फेऱ्यांच्या बाहेरच्या कोर्टवर, मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळावे लागले.

चोवीस गुण

२०१२ च्या फ्रेंच ओपनमध्ये श्वेदोव्हा पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य ड्रॉमध्ये आली. चौथ्या फेरीत तिच्यापुढे गतविजेती ली ना होती. पहिला सेट ३-६ असा गेला. पुढचे दोन ६-२, ६-० असे श्वेदोव्हाने जिंकले. उपांत्यपूर्व फेरीत पेत्रा क्विटोव्हाविरुद्धही तिने पहिला सेट घेतला, मात्र सामना गमावला.

विम्बल्डनमध्ये तिला वाइल्ड कार्ड मिळाले होते. ३० जून २०१२ रोजी तिसऱ्या फेरीत तिच्यासमोर दहावी मानांकित सारा एरानी उभी राहिली. तीन आठवड्यांपूर्वीच एरानी फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत खेळली होती. सामना सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत पहिला सेट संपला. श्वेदोव्हाने चोवीसपैकी चोवीस गुण जिंकले होते. मेम्फिसमध्ये हुकलेला तो एक गुण सहा वर्षांनी विम्बल्डनच्या हिरवळीवर मिळाला. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत गोल्डन सेट जिंकणारी ती पहिली खेळाडू ठरली. व्यावसायिक टेनिसमध्ये त्याआधीचा असा सेट १९८३ मध्ये अमेरिकेच्या बिल स्कॅनलनने डेलरे बीच येथे जिंकला होता.

एरानीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. तिची सर्व्हिस संथ होती आणि सपाट, जोरकस परतीचे फटके मारणाऱ्या खेळाडूसाठी तो अनुकूल चेंडू होता. गवतावर असा फटका उसळत नाही, घसरत जातो. असे असूनही एरानीने दुसऱ्या सेटमध्ये झुंज दिली आणि तो ६-४ पर्यंत नेला. पुढच्या फेरीत श्वेदोव्हाने सेरेना विल्यम्सला तिसऱ्या सेटमध्ये ७-५ पर्यंत झगडायला लावले. त्या वर्षीची विम्बल्डन सेरेनानेच जिंकली. ऑक्टोबरअखेर श्वेदोव्हा पंचविसाव्या क्रमांकावर पोहोचली; एकेरीतील तिचे हे सर्वोच्च स्थान.

यानंतरची वर्षे वेगाने सांगता येतील. २०१५ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे ती डब्ल्यूटीएच्या अंतिम फेरीत पोहोचली, पण ब्राझीलच्या तेलियाना परेराकडून हरली. २०१६ मध्ये दुहेरीत ती जगात तिसरी झाली. त्या वर्षी विम्बल्डनच्या एकेरीत व्हीनस विल्यम्सने तिला उपांत्यपूर्व फेरीत हरवले, तर दुहेरीच्या अंतिम फेरीत टिमेया बाबोससह खेळताना समोर व्हीनस आणि सेरेना या दोघी भगिनी होत्या. निकाल विल्यम्स भगिनींच्या बाजूने लागला.

भारताच्या वाटेवरून

श्वेदोव्हाचे उदाहरण एकटे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पुण्यात झालेल्या रॉयल इंडियन ओपन या १२५ दर्जाच्या स्पर्धेत अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने बेचाळीस वर्षांच्या किमिको दाते-क्रुम्मला हरवून विजेतेपद मिळवले. पुढे स्वितोलिना जागतिक क्रमवारीत तिसरी झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर बेलारूसची एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका जिंकली. तिच्या नंतरच्या वाटचालीची ओळख करून देण्याची गरज नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये चेन्नईत सतरा वर्षांच्या लिंडा फ्रुह्विर्तोव्हाने डब्ल्यूटीएचे पहिले विजेतेपद मिळवले आणि मार्च २०२३ मध्ये बंगळुरूतील आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची स्पर्धा तिची धाकटी बहीण ब्रेंडा हिने पंधराव्या वर्षी जिंकली. तेथील अंतिम फेरीत हरलेली खेळाडू होती पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडलेली अंकिता रैना.

या यादीतील खटकणारी बाब लपवण्यात अर्थ नाही. पायऱ्या भारतात बांधल्या गेल्या, चढून गेल्या त्या प्रामुख्याने परदेशी मुली. त्याचे एक कारण सातत्याच्या अभावात आहे. बंगळुरूची स्पर्धा २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत गेली, बक्षीस रक्कम सहा लाख डॉलर झाली, विल्यम्स भगिनी आल्या आणि उपांत्य फेरीत एकमेकींविरुद्ध खेळल्या. सेरेनाने ती लढत आणि मग पॅटी श्नायडरविरुद्धचा अंतिम सामना जिंकला. स्पर्धेचा दर्जा एवढा उंचावला आणि त्यानंतर ती झालीच नाही. मुख्य मालिकेतील महिलांची पुढची स्पर्धा भारतात यायला चौदा वर्षे लागली, ती चेन्नईची. पुण्याची स्पर्धाही रुजली नाही. मुंबईची २०१८ नंतर थेट २०२४ मध्ये परतली. दरम्यानच्या काळात चौदा वर्षांची असलेली मुलगी अठ्ठावीस वर्षांची झाली.

परतलेल्या स्पर्धांचा उपयोग होतो, हेही दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. तिच्या कारकिर्दीतही दुहेरीचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिली जीन किंग कपची प्ले-ऑफ लढत कब्बन पार्कमधील एस. एम. कृष्णा टेनिस स्टेडियमवर झाली. स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स यांच्या गटात भारतीय संघाला आगेकूच करता आली नाही, मात्र बंगळुरूच्या मुलींना त्या दर्जाचे टेनिस घराजवळ पाहता आले.

रशियाच्या आजच्या पिढीशी तुलना केली तर अंतर किती आहे ते कळते. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे २९ एप्रिल २००७ रोजी, म्हणजे श्वेदोव्हाच्या बंगळुरू विजयानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, जन्मलेली मिरा आंद्रीव्हा २०२४ मध्ये फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत खेळली, त्याच वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये डायना श्नायडरसह दुहेरीचे रौप्यपदक मिळवून गेली आणि फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये सतराव्या वर्षी दुबई व इंडियन वेल्स या एक हजार गुणांच्या दोन स्पर्धा पाठोपाठ जिंकल्या. इंडियन वेल्सच्या अंतिम फेरीत तिने हरवले ते मुंबईच्या जुन्या विजेतीला, सबालेंकाला. अशा खेळाडूंना मधल्या पायऱ्यांवर फार काळ थांबावे लागत नाही. त्या अपवाद आहेत. डब्ल्यूटीएच्या वयविषयक नियमांनुसार चौदाव्या वर्षापासून मोजक्या व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात आणि अठराव्या वर्षापर्यंत ही मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल होते. बहुसंख्य मुलींची खरी चढण त्यानंतर सुरू होते.

सर्जापूर रोडवरील संकुलातून निघणाऱ्या मुलीसाठी आजची वाट अशी आहे : आधी कर्नाटक राज्य लॉन टेनिस संघटनेच्या आणि अखिल भारतीय संघटनेच्या वयोगटांतील स्पर्धा, मग आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कुमार स्पर्धा, त्यानंतर पंधरा, पस्तीस, पन्नास, पंच्याहत्तर आणि शंभर या दर्जांच्या व्यावसायिक स्पर्धा, पुढे डब्ल्यूटीएच्या १२५ आणि २५० दर्जाच्या स्पर्धा. यांपैकी खालच्या दर्जाच्या काही स्पर्धा बंगळुरूत आणि महाराष्ट्रातील शहरांत होतात. त्या आठवड्यांत विमानाचे तिकीट आणि व्हिसा वाचतो, राहायला घर असते आणि आई-वडिलांना नोकरीतून रजा घ्यावी लागत नाही. २५० दर्जाच्या स्पर्धेसाठी मात्र चेन्नई गाठावी लागते, अन्यथा देश सोडावा लागतो. डब्ल्यूटीएच्या मुख्य मालिकेतील बंगळुरूच्या एकेरी विजेत्यांत आजवर तीनच नावे आहेत : २००६ ची मारा सांतान्जेलो, २००७ ची यारोस्लाव्हा श्वेदोव्हा आणि २००८ ची सेरेना विल्यम्स.